फ्लेक्सखालचा कागद

५ एप्रिल २०२६, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. डायरी खताच्या दुकानातून भेट आलेली, जानेवारीपासून कोरी पडून होती. तीन महिने वाया घालवलेत, असं आमची बायको संध्या म्हणाली. वाया कसले? मी विषयाची वाट बघत होतो. आता मिळालाय. विषय आहे जग.

ही वही फक्त माझ्यासाठी. कुणी वाचणार नाही. तरी अक्षर जरा जपून काढतोय, पुढेमागे अभ्यासकांना त्रास नको.

काल नेटवर 'अर्थ नेबर्स' नावाची संघटना सापडली. एक्केचाळीस देशांतली साधी माणसं. सरकारं काही करतील याची वाट न बघता ऊन, पाणी, कचरा असले सगळ्या पृथ्वीचे प्रश्न आपापल्या गल्लीत सोडवायला घेतात. मोरोक्को आहे. पेरू आहे. नाशिक नाही! ताबडतोब फॉर्म भरला. 'अनुभव' या रकान्यात लिहिलं: शासकीय सेवा, एकतीस वर्षं. आवक-जावक विभागात होतो हे नाही लिहिलं. परदेशी लोकांना त्यातलं गांभीर्य कळत नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. इंग्रजी सुधारणे. पृथ्वी.

६ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ७

उठायला साडेआठ झाले. पण संघटनेचं ऑफिस आहे त्या लिस्बनमध्ये तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. म्हणजे जागतिक हिशेबाने तासभर लवकरच उठलो.

साडेपाचला पहिली ऑनलाइन मीटिंग. प्रमुख बेआत्रिसताई, लिस्बनच्या, वय साधारण आपल्या मेव्हणीएवढं. या महिन्याची मोहीम उन्हावर आहे. जगभर उष्मा वाढतोय, तर प्रत्येकाने आपल्या गल्लीतली एक सावली निवडायची आणि ती राखायची. बस एवढंच. मी हात वर करून बोलायला सुरुवात केली आणि नेमक्या त्याच वेळी संध्याने कुकर लावलेला. तीन शिट्ट्या एक्केचाळीस देशांत गेल्या. केनियाच्या माणसाने विचारलं, तुमच्याकडे काही धोक्याचा इशारा आहे का? मी म्हटलं, होय, हवामानाचा. सगळे गंभीर झाले. पहिल्याच दिवशी छाप पडली.

७ एप्रिल, मंगळवार

सावली निवडली. गल्लीच्या तोंडाशी पेठ रोडला लागताना जे मोठं झाड आहे ते. लिस्बनला कळवलं: वड. पारंब्या दिसत नाहीत, पण तरुण असेल.

झाडाखाली चिमणाबाई बसते. पेठकडच्या कुठल्याशा पाड्यावरून सकाळच्या एसटीने येते, कैऱ्या, शेवगा, करवंदं विकते आणि पाचच्या गाडीने परत जाते. आमच्या घरची भाजी तिच्याकडूनच. ती म्हणाली, करंज हाय दादा ह्यो. बारा वर्षं बसतेय मी हितं. मी म्हटलं, वर्गीकरणाबद्दल तज्ज्ञांत मतभेद असतात. ती मान हलवून शेंगा मोजू लागली.

(गेल्या वर्षी याच झाडावरचे कावळे माझ्या गाडीवर घाण करतात म्हणून मी फांद्या छाटायचा अर्ज दिला होता. तो वेगळा विषय.)

८ एप्रिल, बुधवार

कार्यकारिणी जाहीर. अध्यक्ष: मी, बिनविरोध. दुसऱ्या मजल्यावरचा अमोल निकम हा कार्याध्यक्ष. त्याला कार्याध्यक्ष आणि अध्यक्ष यांत मोठं कोण ते तीनदा समजावून सांगावं लागलं, तरी त्याचा चेहरा पडलेलाच. मग त्याला आंतरराष्ट्रीय समन्वयकही केलं. मग मी स्वतःला मार्गदर्शकही केलं. आता चार पदं आहेत आणि माणसं दोन. संघटन म्हणून हे प्रमाण चांगलं आहे.

संध्याला महिला आघाडी देऊ केली. ती दवाखान्यातून नुकतीच ड्यूटी संपवून आली होती. म्हणाली, अहो, आधी गच्चीवरचे कपडे काढून आणा.

आणले नाहीत. अध्यक्षाने सुरुवातीलाच पायंडे पाडू नयेत.

१० एप्रिल, शुक्रवार. दुपारी १

बाराच्या सुमाराला झाडाशी उभा राहून बेआत्रिसताईंशी फोनवर बोलत होतो. व्हिडिओ कॉल, मागे झाड येईल असा. तेवढ्यात एक माणूस मोटरसायकलवरून आला, बुंध्यावर कसलासा कागद चिकटवला, त्याचा फोटो काढला आणि गेला. चिमणाबाई माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. दादा, कसला कागद हाय, वाचा की. मी हाताने थांब म्हटलं. ती थांबली. पुन्हा म्हणाली, सरकारी दिसतोय, शिक्का हाय.

मी म्हटलं, नंतर वाचतो. क्लासेसची जाहिरात असणार, नाहीतर पेइंग गेस्ट. शिक्क्याचं मला कौतुक नाही. एकतीस वर्षं शिक्केच मारले. कागद आला की शिक्का, गेला की शिक्का. आत काय लिहिलंय हे बघायचं काम वेगळ्या टेबलाचं.

पण ग्रामीण भागात वाचनाची ओढ वाढते आहे हे बघून बरं वाटलं. ताईंना तसं सांगितलंही.

११ एप्रिल, शनिवार

फ्लेक्स! चळवळ म्हटलं की फ्लेक्स आलाच. राकेशच्या दुकानात तीन तास बसलो. त्याच्याकडे वाढदिवसाचे साचे तयार असतात, त्यातलाच एक घेतला. मागे दोन वाघ होते, ते काढायला लावले. वर माझा फोटो, शेजारी अमोलचा (एका बोटाने लहान), खाली आठ 'शुभेच्छुक'. हे आठ जण कोण हे राकेशने ठरवलं, त्याच्याकडे फोटो होते. मध्ये पृथ्वी. फोटो इतके झाले की पृथ्वी लिंबाएवढी करावी लागली. राकेश म्हणाला, काका, पृथ्वी काढूनच टाकू का? मी ठाम नकार दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

घोषवाक्य: सावली वाचवा, जग वाचवा. माझंच.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी ११

फ्लेक्स लागला. सहा बाय चार, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, झाडाच्या बुंध्याला. सहा खिळे. दोरीने बांधा असं अमोल म्हणत होता, पण दोरी सैल पडते आणि अध्यक्षाच्या तोंडाला सुरकुती येते.

मध्येच तो परवाचा कागद आला. राकेशचा कारागीर विचारत होता, फाडू का? मी म्हटलं, खबरदार. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. राहू दे आहे तिथे, वरून फ्लेक्स लाव. दुसऱ्याच्या जाहिरातीचा एवढा मान ठेवणारे कार्यकर्ते हल्ली दिसत नाहीत. हे मी अमोलला म्हटलं. तो फोटो काढत होता, स्वतःचा.

चिमणाबाई पुन्हा आली. काय लिवलंय, विचारू लागली. तिला फ्लेक्स पूर्ण वाचून दाखवला, सगळ्या पदांसह. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, आन् खालचं? मी म्हटलं, खालचं काही नाही गं. ती म्हणाली, नाही कसं, शिक्का व्हता. अशा वेळी लक्षात येतं, जनजागृती किती अवघड आहे.

१३ एप्रिल, सोमवार

बेआत्रिसताईंचा मेल. फ्लेक्सचा फोटो मिळाला म्हणतात. हे दहा चेहरे झाडाचे कोण लागतात, असं विचारलंय. आणि विचारलंय की, पहिलं काम केलं का? पहिलं काम म्हणे, निवडलेल्या सावलीत एक तास नुसतं बसायचं आणि तिथे रोज कोण बसतं, त्यांना काय अडचण आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. सगळ्या देशांनी केलंय. पेरूवाल्याने तर दोन तास.

हे जरा बालिश वाटतं. तरी शिस्त म्हणून गेलो. खुर्ची नेली. चार मिनिटं बसलो. मुंगळे. शिवाय चिमणाबाई काहीतरी सांगायला सरकून जवळ येत होती, पण तेवढ्यात फोन आला, शुभेच्छुकांपैकी एकाचा. त्याला कळत नव्हतं त्याचा फोटो तिथे कसा.

लिस्बनला कळवलं: एक तास. सरासरीने.

१५ एप्रिल, बुधवार

ऑनलाइन सह्यांची मोहीम सुरू. 'नाशिकचं झाड वाचवा'. तीन दिवसांत जग हलवायचं.

संध्याने पोळ्या लाटता लाटता विचारलं, अहो, पण वाचवायचं कुणापासून? झाडाला काय झालंय?

प्रश्न तात्त्विक आहे. उद्या विचार करीन.

१६ एप्रिल, गुरुवार

विचार केला. शत्रू नसलेली चळवळ ही सर्वांत शुद्ध चळवळ.

सह्या २,३१४! त्यात आइसलँडच्या एका आजींनी लिहिलंय की, त्यांच्या गावात झाडंच नाहीत आणि नाशिकचं झाड त्यांना आपलं वाटतं. वाचताना डोळे भरून आले. संध्याला वाचून दाखवलं. तिने फोन हातात घेऊन स्वतःही वाचलं. मग म्हणाली, आपल्या बिल्डिंगमधल्या किती? बघितलं. एक. मीच. अमोलची नाही. तो फोटोच्या आकारावरून रुसलाय.

१७ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६

महत्त्वाचा दिवस. चळवळीची अधिकृत दखल!

दुपारी चिमणाबाई स्वतः घरी आली, पहिल्यांदाच. पानात बांधून करवंदं आणली होती. बिचारी घाबरलेली. दोन माणसं आली, झाडाला टेप लावून मोजलं आणि पांढऱ्या रंगाने आकडा टाकून गेली, म्हणाली. दादा, तुम्ही मोठी माणसं, तुम्हीच इचारा ना कुठं. हे गेलं तर म्या कुठं बसू? पलीकडं दुकानवाले उभं राहू देत नाय. फुटपाथवर उन्हात माल एका दिसात वाळतो.

मी जाऊन पाहिलं. खरंच. फ्लेक्सच्या वर ठळक आकडा, ४७. तिला समजावलं की घाबरू नको, याला नोंदणी म्हणतात. आपल्या झाडाला नंबर मिळालाय. जगात लाखो झाडं बिननंबरची मरतात. ती म्हणाली, तुम्ही म्हणता तर बरं. करवंदं ठेवून गेली. गोड होती.

संध्या खिडकीतून बराच वेळ बघत होती. म्हणाली, एकदा महापालिकेच्या ऑफिसात जाऊन विचारून तर या. म्हटलं, जाईन. बुधवारी वसुंधरा दिन, उद्घाटन आहे. ते उरकलं की पहिलं तेच.

सह्या ३,८६०. देश बावन्न.

२२ एप्रिल, बुधवार. वसुंधरा दिन

थकलोय, पण कृतार्थ.

झाडाखाली मांडव घातला होता, पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून. ऐंशी खुर्च्या. जागेसाठी चिमणाबाईला तेवढा दिवस पलीकडे उन्हात बसायला सांगितलं. तिने पाट्या उचलल्या. प्रमुख पाहुणे माजी नगरसेवक. अकराची वेळ, सव्वाला आले. चाळीस डिग्रीत सत्कार झाले, शाली घातल्या. एका शुभेच्छुकाला घेरी आली. हवामानबदलाचा एवढा जिवंत पुरावा दुसऱ्या कुठल्या देशाने दिला नसेल.

प्रत्येकाने सावलीचं महत्त्व सांगितलं. मी पन्नास मिनिटं सांगितलं. पाण्याच्या बाटल्या दोनशे, सगळ्या तिथेच पडल्या, पण सफाईचा कार्यक्रम वेगळा घ्यायचा आहे.

लिस्बनशी थेट संपर्क झाला. बेआत्रिसताई पडद्यावर म्हणाल्या, मागे उन्हात टोपल्या घेऊन बसलेल्या त्या बाई कोण? त्यांच्याशी बोलता येईल का? मी म्हटलं, नेटवर्क जातंय. खरं तर गेलं नव्हतं. पण प्रोटोकॉल नावाची गोष्ट असते, पाहुण्यांचं भाषण बाकी होतं.

उद्या त्या ऑफिसात जायचंय. नक्की.

२३ एप्रिल, गुरुवार

पाय दुखतायत. उद्या.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी नऊला करवतीचा आवाज. मला वाटलं समोरच्या बंगल्यात फर्निचर चाललंय. संध्या गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, अहो, तुमचं झाड.

चपला न घालता गेलो. अर्ध्या फांद्या खाली आल्या होत्या. कावळे वर गोल गोल फिरत होते. मी म्हटलं, थांबा, मी अध्यक्ष आहे. मुकादम भला माणूस. म्हणाला, हो साहेब, ओळखलं, तुमचा फोटो बघितला ना. त्याने आधीच खिळे उपटून फ्लेक्स काढून ठेवला होता, नीट घडी घालून. माझ्या हातात दिला. म्हणाला, नवीनच आहे, पुन्हा वापरता येईल.

मी म्हटलं, नोटीस? नोटीस कुठाय? अशी कशी तोडता? बावन्न देश आहेत माझ्या पाठीशी!

त्याने बुंध्याकडे बोट दाखवलं.

कागद तिथेच होता. पंधरवडाभर ऊन लागलं नाही, धूळ बसली नाही, कोराकरकरीत. माझ्या फ्लेक्सने या महिन्यात एकच गोष्ट वाचवली, ती म्हणजे तो कागद. दिनांक १० एप्रिल. कुंभमेळ्याच्या निमित्ताने रस्ता रुंदीकरण, वृक्ष क्रमांक ४७, करंज. परिसरातील नागरिकांची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल.

हे शेवटचं वाक्य मी एकतीस वर्षांत किती वेळा जावक केलं असेल! टपालात घालताना कधी वाचलं नव्हतं.

मुकादम म्हणाला, एक जरी अर्ज आला असता ना साहेब, तरी सुनावणी लागली असती. पलीकडच्या गल्लीत चार अर्ज आले, तिथली चिंच राहिली. हितून काहीच नाही. आम्हाला वाटलं तुमची संमतीच आहे, फ्लेक्स पण लावलाय.

चिमणाबाई शेजारी उभी होती. मी तिला कागद वाचून दाखवला. पूर्ण, शिक्क्यासकट. तिने पहिल्यासारखंच शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, आता वाचून काय.

घरी आलो. संध्याने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ एप्रिल, शनिवार

लिस्बनला काय कळवायचं? मसुदा एक: मोहिमेचा पहिला टप्पा पूर्ण. मसुदा दोन: तांत्रिक अडचण. मसुदा तीन लिहायला बसलो आणि पेन खाली ठेवलं. लाज वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

सह्या अजून येतायत. ४,११२. आइसलँडच्या आजींनी झाड कसं आहे विचारलंय.

२६ एप्रिल, रविवार. दुपारी १२.२०

सकाळी फ्लेक्स घेऊन चिमणाबाईकडे गेलो. म्हटलं, चार काठ्यांना बांध, सावली होईल. बांधलाही दोघांनी मिळून. अर्ध्या तासाने तिने सोडला. तुमच्या कापडाखाली लय गरम होतंय दादा, त्यापरीस उन्हं बरी, म्हणाली. मग तिने तो खाली अंथरला आणि वर कैऱ्या मांडल्या. अमोलच्या तोंडावर शेवगा आला. माझा चेहरा रिकामा होता, तिथे ती म्हणाली, बसा.

बसलो. ठरवलं, आज पूर्ण एक तास, घड्याळ लावून. बेआत्रिसताईंचा प्रश्न विचारला, इथे कोण कोण बसायचं? तिने बोटांवर सांगितलं. रिक्षावाला देवराम, दुपारचा डबा खायला. शाळेतून सुटलेली पोरं. इंजेक्शनला जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या, अर्ध्या वाटेत दम घ्यायला. कुरिअरवाले. तुमच्या बाई पण, दवाखान्यातून येताना. पाच मिनिटं टेकायच्या, पाणी प्यायच्या, मगच वर यायच्या घरी. हे मला माहीत नव्हतं.

मग तिने विचारलं, तुम्ही बसला व्हता का दादा कधी?

तासाची ती सरासरी तोंडावर आली होती. गिळली. म्हटलं, चार मिनिटं.

मग तुमचं काय गेलं, म्हणाली. रागाने नाही. गिऱ्हाईक आलं होतं, तिकडे वळून कैऱ्या तोलू लागली.

अकरा मिनिटांत डोकं तापलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. उठलो, घरी येऊन पंख्याखाली हे लिहितोय. गॅलरीतून दिसते आहे. पदर डोक्यावर घेऊन बसली आहे. तिची गाडी पाचला आहे.